आईच्या पायाची खुशाली

प्रिय वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो हे ठाऊक असूनच म्हणते आहे. एवढी मोठी बस भरगर्दीत वळवणारी बाई तू, आणि एका शब्दानं चिडतेस. तर तुझा निरोप पोचला. डेपोच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता तू दादाला म्हणालीस म्हणे, वहिनीला सांग, आईचा पाय कसा आहे तेवढं कळव, बाकी काही नको. तुझ्या दादानं निरोप जसाच्या तसा आणला आणि वर स्वतःची अक्कल जोडली की, पत्र कसलं लिहितेस, फोन कर, दोन मिनिटांत होईल. त्याला काय कळतंय? फोन मी बाहेरच्या खोलीत उभी राहून करणार आणि आई वर्तमानपत्राआडून त्यातला एकेक शब्द वेचणार. शिवाय फोनवर तू मध्येच 'राहू दे, राहू दे' म्हणशील आणि ठेवून देशील. पत्राचं तसं नसतं, एकदा फोडलं की वाचावंच लागतं. आणि हे बघ, मी शब्दाची पक्की आहे, फक्त पायाबद्दलच लिहीन. पण पाय बिचारा एकटा राहत नाही गं. त्याच्यावर अख्ख्या आई उभ्या आहेत, आणि आईंना तोंड आहे. तेव्हा पत्र लांबलं तर मला बोल लावू नकोस.

आईंचं पूर्वीचं चालणं तुला आठवत असेलच. शाळेत पोरं त्यांना 'घंटाबाई' म्हणायची ती त्या घंटा द्यायच्या म्हणून नव्हे. त्यांच्या टाचांचा आवाज वऱ्हांड्याच्या टोकाला आला की घंटा न होताच वर्ग गप्प व्हायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला निम्मं अंतर पळावं लागायचं. मग काही वर्षांपूर्वी त्यांना एकाएकी दुकानांचा सोस लागला. चालता चालता नळांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि काचेतल्या तोट्या निरखू लागल्या. मी विचारलं, आपला नळ गळतोय का? तर म्हणाल्या, बघायला काय हरकत आहे. पुढच्या कोपऱ्यावर दाढीच्या सामानाचं दुकान. तिथे त्यांनी ब्रश असे न्याहाळले की आतला दुकानदार बाहेर आला आणि साहेबांना कसला लागतो म्हणून विचारू लागला. बाबांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झालेली. आईंनी त्या माणसाला ब्रशाच्या केसांबद्दल चार प्रश्न विचारले, त्याच्या उत्तरातलं व्याकरण सुधारलं आणि ताठ मानेनं पुढे निघाल्या. मी आपली मनात म्हणते, जन्मभर काटकसर केली, म्हातारपणी हौस आली, येऊ दे. कसली हौस नि कसलं काय! पोटरीत गोळा यायचा, पाऊल उचलवायचं नाही, आणि तो गोळा विरेपर्यंत कुणाला कळू नये म्हणून बाईसाहेब काचेसमोर उभ्या राहायच्या. डॉक्टर पुढे म्हणाले, या दुखण्याची पुष्कळ माणसं अगदी हेच करतात. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या एका गृहस्थांना गावातल्या सगळ्या चपलांच्या दुकानांतल्या किमती पाठ होत्या.

हे सगळं उघडकीला आलं ते एका बोटामुळे. नवी चप्पल लागली, अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. एरवी चार दिवसांत सुकला असता, तो सुकेना. आई मोजे घालून बसायच्या. भर उन्हाळ्यात मोजे! तुझ्या दादाला चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून घरातलं काही दिसत नाही असं मी नेहमी म्हणते, पण मोजे त्यालाच दिसले. त्यानं जबरदस्तीनं काढायला लावले, आणि मग आम्ही त्यांना धरून रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे त्यांच्या दंडाचा रक्तदाब घेतला आणि मग घोट्याचाही घेतला. आई मला हळूच म्हणाल्या, इतक्या परीक्षा घेतल्या मी जन्मात, घोट्याची परीक्षा पहिल्यांदाच बघते. घोटा नापास झाला. पायाकडे जाणारी वाहिनी आतून चोंदत आली होती, आणि साखरेनं त्यात भर घातली होती. डॉक्टर सौम्य माणूस, पण आडपडदा न ठेवणारा. म्हणाले, गोळ्या आणि साखर यात आता हयगय नको, जखम आधी भरून काढू, भरली तर उत्तम, आणि नाही भरली तर… तिथे त्यांनी वाक्य सोडून दिलं. आईंनी कुणाचं वाक्य अर्धं राहू दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी राहू दिलं. घरी येताना टॅक्सीत त्यांनी माझा हात धरला होता, आणि तो धरलाय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

घाबरू नकोस, बोट भरलं. वेळ लागला, पण स्वच्छ भरलं. आणि ते भरल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या व्यायामवाल्या ताईंकडे पाठवलं, तिथून खरी गंमत सुरू झाली. ताईंनी सांगितलं की रोज चालायचं. कसं? तर पोटरी चांगली दुखायला लागेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, दुखणं पूर्ण ओसरू द्यायचं, आणि परत चालायचं. आईंना हे मुळीच पटलं नाही. दुखलं की थांबा हे मला समजतं, म्हणाल्या, दुखेपर्यंत चाला हे कुठलं शास्त्र? ती ताई वयानं आपल्यापेक्षाही लहान, पण डगमगली नाही. म्हणाली, आजी, मोठा रस्ता तुंबला की लोक गल्लीबोळातून वाट काढतातच ना, पण माणसं चालायला लागली तरच बोळ वापरात येतात. स्नायूंचंही तसंच, थोड्या रक्तात जास्त काम करायला त्यांना शिकवावं लागतं. 'शिकवावं लागतं' हा शब्द ऐकला आणि आईंच्या चेहऱ्यावर जरा माणुसकी आली. मात्र रस्त्यावर चालायला त्यांनी साफ नकार दिला. सगळ्या गावात त्यांचे विद्यार्थी, घंटाबाई लंगडताना कुणी बघायची गरज नाही. मग ताई म्हणाली, घरात चाला, पायाला काय, रस्ता कुठला ते कळत नाही. फक्त चप्पल-बूट चांगला मऊ हवा, अनवाणी पाऊल टाकायचं नाही, आणि बसल्या जागी किंवा झोपेत पाय दुखू लागला, नवा फोड आला किंवा छातीत भरून आलं, तर व्यायाम बंद करून लगेच कळवायचं.

झालं, आमच्या घराचा वऱ्हांडा झाला. स्वयंपाकघराच्या दारापासून मधल्या बोळातून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, थेट बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपर्यंत. सतरंज्या गुंडाळल्या, फुलांची कुंडी हलवली, तुझ्या दादाच्या वाटेत पडणाऱ्या पायताणांना कायमची हद्दपारी झाली. मी त्या टेबलावर बसून छापखान्याची मुद्रितं तपासते हे तुला माहीत आहे. आता माझ्या मागून दिवसातून असंख्य वेळा एक मुख्याध्यापिका जायची. नुसती जायची असती तर चाललं असतं. जाता जाता वाकून बघायच्या आणि बोट ठेवायच्या, हा उकार दीर्घ हवा. मी म्हणायचे, आई, तुम्ही चाला. तर म्हणायच्या, पाय चालतायत, डोळे मोकळे आहेत. त्या महिन्यात माझ्या हातून एकही चूक छापली गेली नाही. छापखान्याचे मालक मला शाबासकी देत होते आणि मी ती निर्लज्जपणे घेत होते. आठवड्यातून एकदा ताईंचा फोन यायचा, किती चाललात, कुठे दुखलं, मध्ये किती थांबावं लागलं. त्या दिवशी आई सकाळीच वेणीफणी करून, इस्त्रीची साडी नेसून तयार. फोनवर कुणाला साडी दिसते? पण शाळा तपासायला साहेब येणार असल्यासारखा थाट. फोन आला की उभ्या राहून बोलायच्या. एकदा त्यांनी आदल्या दिवशी आळस केला होता, तर ताईंना तसं स्पष्ट सांगितलं आणि स्वतःच स्वतःला शिक्षा सुचवली. ताई हसून हसून दमली.

आता जरा खिडकीकडे ये. पायाबद्दलच लिहिते आहे, थांब. पोटरी दुखायची ती, का कोण जाणे, नेमकी खिडकीपाशी. पहिल्यांदा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तेवढं अंतर झालं की दुखत असेल. पण पुढे पुढे त्यांचा दम वाढला. फेऱ्यांवर फेऱ्या न थांबता होऊ लागल्या, बोळात दुखेना, टेबलाशी दुखेना, आणि खिडकीपाशी मात्र दिवसातल्या ठरावीक वेळी हमखास दुखायचं. दोन्ही हात खिडकीच्या चौकटीवर टेकून उभ्या. मी खुर्ची सरकवली तर म्हणायच्या, नको, इथे हवा येते. तुझी खिडकी नसली तरी रस्ता तुझा आहे, तुला सांगायला नको की त्या खिडकीखाली समोरच बसचा थांबा आहे. आणि त्या थांब्यावर त्या वेळी कुठली बस येते आणि ती कोण चालवतं, हेही मी सांगायला नको. मागे एकदा तू मला म्हणाली होतीस, मी त्या घराकडे वर मान करून बघत नाही. नसशील बघत. पण कुणी चढणारं नाही, कुणी उतरणारं नाही, आणि बस मात्र दारं उघडी टाकून उभी, हे मी टेबलावरून कितीदा पाहिलंय. तू वर बघायची नाहीस, त्या तुझं नाव घ्यायच्या नाहीत. बस निघाली की त्यांचं दुखणं ओसरायचं आणि त्या पुन्हा स्वयंपाकघराकडे चालू लागायच्या. मी मान खाली घालून उकार तपासायचे.

तुम्हा दोघींच्या मध्ये नाक खुपसायचं नाही हे मी या घरात आल्यापासूनच ठरवलं होतं. तुमचं भांडण झालं तेव्हा मी नवी होते, दाराआड उभी होते. तू अध्यापनाचं कॉलेज अर्ध्यावर सोडून बसचा परवाना काढलास, आणि त्यांनी सांगितलं की ते स्टिअरिंग धरलंस तर तुझ्या घराची पायरी चढणार नाही. तू म्हणालीस, नको चढूस, मीही या घराची चढणार नाही. दोघी एकाच मातीच्या. मला तेव्हा वाटलं होतं, आठवडाभर चालेल. तुझ्या लग्नालाही त्या आल्या नाहीत तेव्हा कळलं की या घरात आठवडे मोठे असतात.

साखर असलेल्या माणसाला पायाला काही टोचलं तरी कळत नाही, म्हणून ताईंनी रोज तळवे बघायला सांगितलेले. ते काम माझ्याकडे आलं. पहिले काही दिवस आईंना इतका संकोच, की पाय पुढे करायच्या आणि तोंड भिंतीकडे फिरवायच्या. मग हळूहळू सवय झाली, आणि एक नवलच घडलं. पाय माझ्या मांडीवर असला की त्या बोलायला लागल्या. पहिली नोकरी रेल्वेच्या फाटकापलीकडच्या शाळेत होती, फाटक पडलं की गाडी जाईपर्यंत तिथेच मुलांना पाढे म्हणायला लावायच्या, असलं काहीबाही. एके संध्याकाळी बोटांच्या बेचक्या पुसत होते तर मध्येच म्हणाल्या की, शाळेच्या मागे एक मोडकी हातगाडी होती. तू मधल्या सुट्टीत तिच्यावर बसायचीस, ताटलीचं चाक करून फिरवायचीस आणि पहिलीतल्या पोरांना ओळीनं मागे बसवून तोंडानं घरघर करायचीस. उतरताना पोरांना सांगायचीस, घाई करू नका, गाडी उभी आहे. मग म्हणाल्या, ती तेव्हापासूनच ड्रायव्हर होती, मीच उगाच फळ्यासमोर उभी करत होते. आणि पाय ओढून घेतला आणि म्हणाल्या, पुसलंस तेवढं पुरे.

इतकं सगळं छान चाललेलं, आणि एक दिवस चालणं बंद पडलं. सकाळी म्हणाल्या, आज नको. दुसऱ्या दिवशी, आज पाय जड आहे. तिसऱ्या दिवशी पलंगावरूनच उठल्या नाहीत. दुखतंय का विचारलं तर, दुखतंय. कुठे? सगळीकडे. बसल्या जागी दुखलं तर कळवायचं, हे ताईंचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. त्यांना तसंच टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय चेपून पाहिला, घोट्याची परीक्षा पुन्हा घेतली, त्यांना दवाखान्याच्या बोळातून चालवून आणलं आणि म्हणाले, पाय तर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. मग चालत का नाहीत? आईंनी छताकडे पाहिलं. परत येताना टॅक्सी आपल्या रस्त्याला लागली, पुढे तीच बस होती, आणि आई काचेबाहेर बघत म्हणाल्या, "त्या बसवर कुणी मिशाळ माणूस आणून बसवलाय. ब्रेक किती जोरात मारतो." बस, एवढंच. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. त्या रागावल्या, हसायला काय झालं म्हणून. घरी आल्याबरोबर दादाला दुकानात फोन केला, तेव्हा कळलं की तुला धरणाच्या मार्गावर दिलंय. तूच मागून घेतलंस म्हणे, मोकळा रस्ता आहे म्हणून. बाई गं, मागून घेताना एकदा वर बघितलं असतंस तर!

मी आईंना सांगितलं, ती धरणाच्या बाजूला असते आता, इकडे येणार नाही. त्यांनी 'हं' केलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा मोजे निघणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्रितं उघडून बसते तोच दारात बूट घालून उभ्या. खाली जाऊ, म्हणाल्या. घंटाबाई लंगडताना दिसेल त्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ज्यांना दिसायला नको होतं त्यांनी मला दुकानांच्या काचेशी उभी असलेली कधीच पाहिलंय. दोन मजले उतरलो, थांब्यापर्यंत गेलो. पोटरी खरीखुरी दुखली, आणि या खेपेस त्या कुठल्याही काचेत न बघता, भर रस्त्यात, दुखतंय म्हणून उभ्या राहिल्या. तेवढ्यात तीच बस आली. त्या मिशाळ माणसानं आईंना पाहिलं आणि ताडकन उभाच राहिला. मिशीला भ्यायला नको, तो त्यांचा विद्यार्थी निघाला, अपूर्णांकांत कच्चा असलेला. आईंनी त्याला ब्रेक कसा हळू दाबावा यावर चार शब्द सुनावले. या विषयातलं त्यांना काय कळतं हे विचारायची त्याची छाती नव्हती. तुझ्याबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. तोच बिचारा निघता निघता म्हणाला, बाई, ताई मजेत आहेत, सगळा डेपो त्यांच्याकडून घाटाची वळणं शिकतो. आईंनी मान हलवली. तिथून आम्ही पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, जे ठरलेलं नव्हतं. तेव्हापासून रोज बाहेर. कोपरा, मग टपाल कचेरी, मग बागेचं फाटक, थांबत थांबत, पण थांबे आता दूर दूर होत चाललेत.

मग एक दिवस त्यांनी ताईंना फोनवर विचारलं, जिना चढला तर चालेल का? डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला, आणि आमची जिन्याची शाळा सुरू झाली. एक मजला, मग दोन, मग उतरून पुन्हा वर. मला कळेना, एवढा जिना कशासाठी? गेल्या आठवड्यात दुपारी पहिल्या मजल्याच्या वळणावर पोटरी धरली म्हणून आम्ही दोघी पायरीवरच बसलो. कठड्यातून ऊन येत होतं. आई माझ्याकडे न बघता बोलल्या, आणि ते मी तुला त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण त्यात माझा एकही शब्द मिसळू नये असं मला वाटतं. "लोक म्हणतात मी हट्टानं गेले नाही. सुरुवातीची वर्षं हट्टच होता. पण ती त्या टेकडीवरच्या घरात राहायला गेली ना, तेव्हा मी गेले होते. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. जास्वंदीचं रोप घेतलं होतं. त्या गल्लीत गाडी जात नाही, नुसत्या पायऱ्या. अर्ध्यावर पोटरी अशी पिळून निघाली की मी तिथल्या भिंतीवर बसले. उठले, चढले, पुन्हा बसले. दार दिसत होतं. ती दारात चादर झटकत होती, आणि आत नवऱ्याला काहीतरी सांगून हसत होती. हाक मारली असती तर धावत खाली आली असती. आणि मग मी पहिल्यांदा तिच्या दारी जाणार ती तिच्या खांद्याला लोंबकळत. ते मला नको होतं. मी खाली आले. रोप टॅक्सीवाल्याला देऊन टाकलं." मग म्हणाल्या, "नंतर मीच म्हणत राहिले, माझा शब्द म्हणजे शब्द. हट्ट म्हटलं की माणसं वचकून असतात. पाय म्हटलं की कीव करतात." एवढं बोलून उठल्या, आणि उरलेला जिना न थांबता चढल्या.

तर वन्सं, ही झाली पायाची खुशाली. पाय चांगला आहे. पूर्ण बरा नाही, तसा तो होणारही नाही, गोळ्या आणि चालणं जन्माचं आहे, पण चांगला आहे. आणि आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? येत्या रविवारी सकाळी आई तुझ्याकडे येणार आहेत. मला बजावून ठेवलंय की तिला कळता कामा नये, आणि मी त्यांना वचन दिलं आहे, जे मी या क्षणी मोडते आहे. मोडण्याचं कारण एक म्हणजे, रविवारी तू कुणाची बदली ड्यूटी घेऊन धरणावर गेलीस तर त्या बंद दारासमोर उभ्या राहतील. दुसरं कारण जास्त मोठं आहे. दादा त्यांना तुझ्या गल्लीच्या तोंडाशी सोडेल आणि टॅक्सीतच बसून राहील, तशी त्याला सक्त ताकीद आहे. त्या एकट्या चढणार आहेत. मध्ये थांबतील, एकदा नाही, चारदा थांबतील, कुणाच्या तरी भिंतीवर बसतील. तुला वरून सगळं दिसेल आणि तुझे पाय खाली धावायला बघतील. तुझा मेकॅनिक नवरा तर खुर्चीच घेऊन निघेल. त्याला धर, स्वतःलाही धर. दार उघडं टाक, चहाला आधण ठेव आणि आत काहीतरी काम करत राहा. त्या थांबल्या म्हणजे अडल्या असं समजू नकोस. दुखणं ओसरायची वाट बघत असतील, ओसरलं की पुन्हा चढू लागतील. दारात पोचल्या की पहिलं वाक्य तुझ्या पायऱ्या किती वेड्यावाकड्या बांधल्यात याबद्दल असेल, ते निमूट ऐकून घे, आणि मग काय हवं ते कर.

तुझीच, आणि आता वचनभंग केलेली,
वहिनी